दोन मिनिटांचं संचालन

सुरैय्या गेली हे म्हसावदच्या त्या मांडवात सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त तिच्या नवऱ्याला, आणि तो स्टेजवर मधोमध उभा होता.

नासिर सर शहाद्याचे निवृत्त संगीतशिक्षक. बाप कापूस पिंजायचा. मुलगा शाळेत पेटी वाजवायला शिकला, पुढे समूहगान बसवायला लागला आणि निवृत्तीनंतर तज्ज्ञ मार्गदर्शक झाला. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणजे ज्याला कोणी पगार देत नाही, पण खुर्ची सगळे देतात. जिल्ह्यात कुठेही शिक्षकांची समूहगान कार्यशाळा निघाली की सरांना बोलावणं यायचं. सर तिथे गात नसत, वाजवत नसत. समोर उभे राहून हात करत. तळोद्याकडच्या एका पालकाने एकदा विचारलं होतं, "सर, तुम्ही वाजवता काय?"

"मी वाजवत नाही, वाजवून घेतो."

"म्हणजे मुकादम," तो पालक म्हणाला. त्याच्या गावातून दरसाल माणसं ऊसतोडीला जायची. त्याने आपल्या परीने सरांचा मानच केला होता.

घरात सुरैय्याचं मत याहून खालचं होतं. ती म्हणायची, "हात हलवायचा पगार सरकारने दोघांनाच दिला. एक ट्रॅफिक हवालदार, दुसरे तुम्ही. हवालदाराचं निदान रिक्षावाले तरी ऐकतात."

म्हसावदची कार्यशाळा दोन दिवसांची होती. सरांचा एक नियम जिल्हाभर प्रसिद्ध होता, सुरुवातीलाच सगळ्यांनी मोबाईल बंद न करता, फक्त आवाज घालवून, वेताच्या टोपलीत टाकायचे. सर पहिला स्वतःचा टाकत. टोपली मुख्याध्यापकांच्या कपाटात जाई. नियमातून सूट एकालाच होती, संस्थेचे सचिव हिलाल पाटील यांना. कार्यशाळा भरवणाऱ्याला फोन लागतोच. हिलाल पाटील हा मोठा उमदा माणूस. माइकवर पुस्तकातली मराठी बोलायचा आणि माइक सोडला की अहिराणीवर यायचा, त्यामुळे त्याचं कोणतं बोलणं गावासाठी आणि कोणतं आपल्यासाठी हे लगेच कळायचं.

दुसऱ्या दिवशी समारोपाला साहेब येणार होते. साहेबांच्या हातात संस्थेचं नवं सभागृह होतं, म्हणजे त्याची मंजुरी होती. साहेबांना उशीर झाला. शिक्षक घामाघूम होऊन बसून राहिले. शेवटी गाड्यांची धूळ दिसली, हिलाल पाटील फोन कानाला लावून मांडवाच्या मागे गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. सरांना वाटलं, साहेबांनी मंजुरीचं काही वेगळं सांगितलं असेल.

"चला सर, स्वागतगीत घ्या," तो म्हणाला.

गीत असं काही झालं की विचारू नका. दोनशे शिक्षक एका श्वासात उठले, एका श्वासात थांबले. शेवटची ओळ सरांनी हळूहळू बारीक करत नेली आणि मूठ मिटली तेव्हा मांडवावरच्या कापडाची फडफड ऐकू आली. कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. टोपलीतून एक-दोन फोन नेहमीच सुटतात.

मग हिलाल पाटील माइकवर आला. म्हणाला, "आपल्या संगीत परिवारातील एका सदस्याचं नुकतंच दुःखद निधन झालं आहे. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली अर्पण करू या. मौनाचं संचालन आदरणीय नासिर सर करतील."

मौनाला संचालन लागत नाही. पण दोन दिवस सगळ्या गोष्टींना सरच खूण करत होते. चहाची सुट्टीसुद्धा सरांच्या हाताने सुरू होत होती. सर पुढे आले. संस्थेतल्या कुणाची म्हातारी गेली असेल, एवढाच विचार त्यांनी केला. दोन्ही हात वर घेतले, श्वास घ्यायची खूण दिली आणि हात खाली आणले. मांडव गप्प झाला.

सरांनी उभ्या आयुष्यात असं मौन पाहिलं नव्हतं. बातमी एव्हाना रांगारांगांतून फिरली होती, आणि माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती. पुढच्या रांगेतल्या बायका थेट सरांकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांना वाटलं, शेवटी जमलं. माणसं संचालकाकडे बघायला शिकली. मागे कुणीतरी खोकलं तर सरांनी नापसंतीने बोट उचललं. वेळ झाल्यावर हलकेच हात सोडले. साहेबांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सरांना वाटलं, सभागृह मंजूर झालं.

त्यानंतर साहेबांचं भाषण झालं. शाल झाली, श्रीफळ झालं, आभार झाले. मग हिलाल पाटलाने सरांना चहाच्या पातेल्यापाशी नेलं.

"सर, मन घट करा. भाभी गयात."

"कोण भाभी?"

"आपली सुरैय्याभाभी."

सरांनी खांद्यावरची शाल काढली आणि घडी घातली. मग विचारलं, "मग ते मौन कोणाचं होतं?"

"भाभीसनंच व्हतं, सर."

साहेबांच्या गाड्या निघेपर्यंत रस्ता मोकळा नव्हता. त्या गाड्यांच्या मागे मागे हिलालची जीप शहाद्याला आली. ऊन चढलं होतं. घरी मोठी माणसं म्हणाली होती, किती थांबायचं, सांगून झालंय त्यांना. सर घरी पोचले तेव्हा जनाजा निघून गेला होता. तसेच धावत ते कब्रस्तानात गेले. कबरीवर फळ्या बसवून झाल्या होत्या. त्यांनी तीन मुठी माती टाकली. सकाळी निघताना सुरैय्या म्हणाली होती की छातीत गॅस धरलाय, ओवा खाते. तेवढंच.

घरी नमिरा बायकांमध्ये बसली होती. एकुलती एक मुलगी, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "कार्यक्रम चांगला झाला?"

सरांना वाटलं, दुःखाने बोलतेय. तीन दिवसांनी जियारतची दुआ झाली, पाहुणे गेले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ती दुःखाने बोलत नव्हती. ती रोज डबा आणायची, ठेवायची, कालचा न्यायची. बँकेतल्या माणसाशी बोलतात तशी बोलायची. भाजीत मीठ आहे का, गोळी घेतली का, दार लावून घ्या.

तोवर बातमी छापून आली होती. मथळा होता, "आधी सूर, मग संसार". बातमीत होतं की पत्नीच्या निधनाची वार्ता समजूनही ज्येष्ठ मार्गदर्शकांनी स्वागतगीत पूर्ण केलं, आणि नंतर तिच्याच श्रद्धांजलीचं मौन स्वतः सांभाळलं. बातमी हिलाल पाटलानेच पाठवली होती. ते मोबाईलवरचं गीतही तिच्याबरोबर गावोगाव फिरत होतं.

सरांनी कात्रण नमिरापुढे ठेवलं. "हे खोटं आहे. मला सांगितलंच नव्हतं."

"मी अकराच्या आधी फोन केला होता," नमिरा म्हणाली. "तुमचा कोणी उचलला नाही. तुमची ती टोपली. मग कार्यशाळेच्या पत्रिकेवरच्या नंबरवर लावला. हिलालकाका म्हणाले, बेटा, सरांना कल्पना दिलेली आहे, एवढं स्वागतगीत झालं की निघतायत. मी सगळ्यांना तेच सांगितलं. बायका अम्मीला आंघोळ घालत होत्या आणि मी दारात उभी राहून सांगत होते, अब्बांना कल्पना दिलीय, गाणं झालं की येतील."

"हिलाल खोटं बोलला."

"मग त्यांना इथे आणा. माझ्यासमोर म्हणू दे."

सर हिलालकडे गेले. हिलाल लोणखेड्याच्या कॉलेजातला पुढचा कार्यक्रम ठरवण्यात गुंतला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"सर, मी खोटं बोलनू नई. मी व्यवस्थापन करं. साहेबनी गाडी दारशे उभी व्हती. तुम्हले सांगं असतं ते गीत कोन घेतं?"

"एवढंच नमिराला येऊन सांग."

"सांगसू ना. पन आते नई. आते तुम्हनं नाव कितलं मोठं व्हयनं, माहीत शे? जुनं कसाले उकरतस?"

नाव खरंच मोठं झालं होतं. पूर्वी सरांना बसभाडं आणि नारळ मिळायचा. आता गाडी न्यायला यायची. पूर्वी त्यांची ओळख करून देणारा माणूस कागद हरवायचा आणि 'आपले हे सर' म्हणून सुटायचा. आता ओळख कार्यशाळेपेक्षा लांब व्हायला लागली. लोणखेड्याला निवेदिकेने सांगितलं की निधनाची चिठ्ठी सरांच्या हातात गीताच्या दुसऱ्या कडव्याला पडली. तळोद्याला ती चिठ्ठी फोन झाली. सरांनी डाव्या हाताने फोन ऐकला आणि उजव्या हाताने ताल चुकू दिला नाही. नंदुरबारला एका प्राध्यापकाने सांगितलं की सरांच्या डोळ्यातून एकच अश्रू आला आणि तो बरोबर समेवर पडला. म्हसावदला जे नव्हते त्यांना सगळं अधिक स्पष्ट दिसलं होतं.

सर दर ठिकाणी माइक हातात घेत आणि म्हणत, "मला माहीत नव्हतं. मला नंतर सांगितलं." लोक टाळ्या वाजवत. शेजारचा शेजारच्याला म्हणे, "बघ, मोठेपणा सांगायचासुद्धा नाही म्हणतात."

मग मौनासाठी बोलावणी यायला लागली. कुणा पुढाऱ्याची आई गेली, कारखान्याचे माजी संचालक गेले, की सरांना विचारणा व्हायची, फक्त दोन मिनिटं या. एका शिक्षणसंस्थेने तर 'शोकसभेतील शिस्त' या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा ठेवली आणि प्रमाणपत्रं वाटली. सर पहिल्या दोन-तीन ठिकाणी गेले, कारण नाही कसं म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हसावदसारखं मौन कुठेच झालं नाही. लोक म्हणत, सरांनी मनावर घेतलं नाही.

चाळिसावा झाला आणि पुरस्कार आला. शहाद्यातले कापडाचे व्यापारी इंदरमल सेठ आपल्या वडिलांच्या नावाने दरवर्षी एका समर्पित माणसाला पुरस्कार देत. आतापर्यंत तो एकदा गोशाळेला आणि एकदा स्वतःच्या मेहुण्याला गेला होता. सेठ स्वतः घरी आले, सतरंजीवर बसले.

"सर, बाबूजी के नाम का पुरस्कार है. इसमें सच्चा आदमी चाहिए."

"सेठ, खरं सांगायचं तर त्या दिवशी मला काही माहीतच नव्हतं."

सेठांनी बरोबर आलेल्या मुनीमाकडे पाहिलं. "देखो. इसको बोलते हैं नम्रता."

डबा ठेवायला आलेली नमिरा दारात थांबून हे ऐकत होती. सेठ गेल्यावर ती पहिल्यांदा खाली बसली.

"घेणार आहात?"

"तू सांग."

"मी येईन त्या दिवशी. सगळ्यांसमोर माइकवर सांगा. आणि टाळ्या वाजल्या तर थांबवा. आयुष्यभर लोकांना सुरू करणं आणि थांबवणं एवढंच तर शिकवलंत. टाळ्या थांबल्या आणि लोकांनी ऐकलं, तर मी मानीन."

"आणि नाही थांबल्या तर?"

"तर डबा येत राहील," ती म्हणाली.

सरांना झोप लागेना. त्यांनी वाक्यं ठरवली, मोडली, पुन्हा ठरवली. 'मला माहीत नव्हतं' याने टाळ्या येतात हे अनुभवाने कळलं होतं. 'हिलाल पाटलाने माझ्यापासून लपवलं' म्हणावं तर हिलालच सूत्रसंचालन करणार होता. 'माझी बायको गेली तेव्हा मी स्वागतगीत घेत होतो' हे खरं होतं, पण नेमकं हेच तर लोक म्हणत होते. एवढ्या साध्या गोष्टीला टाळ्या न येणारं वाक्य त्यांना मराठीत सापडेना. उर्दूतही शोधून पाहिलं.

कार्यक्रम टाऊन हॉलमध्ये होता. डावीकडे बायकांच्या खुर्च्यांत नमिरा बसली होती, काळी ओढणी घेऊन. हिलालने ओळख करून दिली. ती ऐकून सरांना स्वतःबद्दल आदर वाटायला लागला असता, जर त्यांनी ऐकली असती. ते मनात पहिलं वाक्य घोळवत होते. मग हिलाल म्हणाला, "पुरस्कारापूर्वी, ज्या गीताने इतिहास घडवला ते स्वागतगीत, त्याच शिक्षकवृंदाकडून."

म्हसावदचेच शिक्षक. पाठ असलेलं गीत. सर समोर उभे राहिले, पेटीवाल्याकडे पाहिलं आणि हात वर केला. पेटीवाल्याने सुराकडे हात नेला होता, पण सूर वाजण्याआधीच सरांनी गायची खूण केली. पुरुषांनी एक सूर पकडला, बायकांनी दुसरा. धाडगावचे करमसिंग गुरुजी सगळ्यात उंच, ते नेहमी सरांच्या हातावर नजर ठेवून गायचे. त्यांनी हाताप्रमाणे गायलं आणि सर्वांत आधी चुकले. सरांचा हात चालू होता, पण तो कुठल्या ओळीवर आहे ते हातालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कडव्याला अर्धे ध्रुवपदावर गेले, अर्धे पुढे गेले. तबलजी दोघांना जोडायला मधे धावला आणि एकटा पडला. शेवट म्हणून असा काही झालाच नाही. एक एक जण आपापल्या सोयीने थांबला. करमसिंग गुरुजी प्रामाणिक माणूस. ते एकटेच शेवटची ओळ पूर्ण करून मग थांबले.

हॉलमध्ये सगळे खाली बघत होते. इंदरमल सेठांनी उगाच माळ नीट केली.

सर माइकपाशी गेले. ठरवलेलं वाक्य निघून गेलं होतं. ते म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी घरी गेलो असतो."

 मग मागून टाळी पडली आणि सगळा हॉल सुटला. गीत पडल्याचा सगळ्यांना आलेला संकोच त्या टाळ्यांत निघून गेला. सरांनी उजवा हात उचलला आणि मूठ मिटली. शिक्षकवृंदाने जागेवर टाळ्या थांबवल्या, सवयीने. बाकीच्यांना ती खूण ठाऊक नव्हती. मिटलेली मूठ बघून त्यांना वाटलं, सर भावना आवरतायत. लोक उभे राहिले. सरांनी दोन्ही हात वर केले, मुठी मिटल्या, मान हलवली. हॉल आणखी जोरात वाजला. सेठांनी त्या वर केलेल्या हातांतच मानचिन्ह ठेवलं.

सर खाली उतरले तेव्हा नमिरा बाहेर पायऱ्यांवर उभी होती. दोघं बसस्टँडच्या बाजूने घराकडे चालायला लागले. संध्याकाळ झाली होती. केळीने भरलेला एक ट्रक वळत होता, त्यासाठी थांबावं लागलं.

"नाही थांबल्या," सर म्हणाले.

"बघितलं मी."

"तुझी अम्मी म्हणायची ते बरोबर होतं. हवालदाराचं तरी ऐकतात."

ट्रक गेला. नमिरा चालायला लागली नाही. "अब्बा, आज गाणं का बुडालं?"

"डोक्यात दुसरं होतं."

"काय होतं?"

"माइकवर काय बोलायचं ते. तू समोर बसलेलीस ते."

"एवढंच?"

"एवढंच. आणखी काय असणार?"

नमिराने मानचिन्हाकडे पाहिलं. त्यावर एक पितळी हात होता आणि हाताला सहा बोटं दिसत होती. कारागिराने अंगठा दोनदा काढला होता. "तुम्हाला चार शब्द बोलायचे होते," ती म्हणाली, "तर तेवढ्यावर दोनशे माणसं बुडवलीत. म्हसावदचं ते गाणं मी मोबाईलवर किती वेळा बघितलंय, मोजलं नाही. चिडून बघायचे. त्यात एक हात चुकला नाही. अम्मी गेल्याचं डोक्यात असतं, तर तुमच्याने पहिली ओळ तरी निघाली असती?"

"नसती निघाली."

"नाहीच निघणार. तुम्ही एवढे चांगले संचालक नाही आहात."

 नमिराने मानचिन्ह त्यांच्या हातातून घेतलं, कारण ते जड होतं, आणि ओढणीत धरलं. घर येईपर्यंत ती रडत होती. सर एक पाऊल मागे चालत होते.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की पत्नीच्या आठवणीने सूर थरथरला आणि सभागृह हेलावलं. अक्कलकुव्याहून बोलावणं आलं. सरांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. समोरच्याला ते कळलं नाही, त्याने तारीख बदलून पुन्हा विचारलं.

नमिरा आता डबा ठेवून बसते. आईचं बोलणं तिच्या तोंडात आलंय. सरांनी भाजी वाढून घेताना हात जास्त हलवला तरी विचारते, कोणाला सुरू करताय? पण एक गोष्ट तिने सोडलेली नाही. ती म्हणते, "तुमचं मी मानलं, ते मी माझ्या अकलेने मानलं. त्यांनी माझ्या कानात जे घातलं ते त्यांनीच काढायचं. आंघोळ चालू होती तेव्हा मी त्या दारात उभी राहून लोकांना ते सांगितलं होतं. त्याच दारात येऊन त्यांनी सांगायचं, की नाही, सरांना कल्पना दिली नव्हती."

सर हिलालला भेटतात तेव्हा आठवण करतात. तो कधी नाही म्हणत नाही. सभागृह मंजूर झालंय, पायाभरणीच्या गडबडीत असतो. "येसू सर," तो म्हणतो, "शुक्रवारले येसू." शुक्रवारी नमाजानंतर नमिरा बापाच्या घरी येऊन बसते आणि अंधार पडला की परत जाते.

हिलाल पाटील अजून आलेला नाही. त्याने नमिराला सांगायचं राहिलं आहे.